हजेरीच्या पट्ट्या

मंगळवार, संध्याकाळ

राग अजून उतरत नाही. शाळेची हजेरी एका नजरेत दिसावी म्हणून मी एक्सेलमध्ये एकच चिन्ह हवं तितक्यांदा उमटवणारा रेप्ट फॉर्म्युला लावला. पोर जितके दिवस हजर, तितक्या उभ्या काड्या ओळीनं उमटतात आणि पट्टी तयार होते. आईबापासोबत ऊसतोडीला गेलेल्या सोनालीची पट्टी अगदी आखूड.

मुख्याध्यापक म्हणाले, "ही पट्टी कावून एवढीशी?"

"सर, ती तोडीला गेलती."

"मग फॉर्म्युल्यात सरळ मोठा आकडा टाका की. वरचे सायेब पट्टी बघतेत, पोरगी न्हाई."

सगळ्या पट्ट्या सारख्या दिसल्या तर गावातून कुणी जातच नाही असं ठरेल. मग पोरांना गावात ठेवणारं हंगामी वसतिगृह कोण मंजूर करणार? सोनाली पुढच्या वर्षीही उसाच्या फडातच. आणि पट्टी मात्र लांबलचक. माझ्या वडिलांनी, आबांनी, घरी पाटीवर शिकवलं, तेव्हा न मोजता आकडा लिहू दिला नाही. आणि हा माणूस...

माझं कंत्राट मुख्याध्यापकांच्याच शिफारशीवर आहे. भीती वाटतेच. तरी फाइल होती तशीच ठेवून आले. लांब पट्ट्या हव्यात तर स्वतः ओढाव्यात. त्यांना फॉर्म्युला येत नाही. मी शिकवणार नाही.