तहानलेला कळप

वाळूज, रविवार, १२ एप्रिल १९८७

धाकटा भाऊ गेनू दरसालासारखा मेंढरं घेऊन आला. रात्री कळप शेतात बसवायचा. खत शेताला, पाणी मेंढरांना, ही वडिलांपासूनची रीत. शेतात आता मी कारखान्यातल्या कामगारांसाठी बांधलेल्या भाड्याच्या खोल्या. विहीर आटलेली, बोअरला करंगळीएवढी धार.

नळाच्या रांगेतली भाडेकरीण गेनूला म्हणाली, "मामा, हितं माणसांलाच पुरंना."

एक मेंढी नळाखालचा चिखल चाटत होती.

गेनू हसला. "दादा, माझी मेंढरं निदान खत तरी देत व्हती."

मालक मी. दोन बादल्या मेंढरांना सोडा, एवढं रांगेला का म्हणालो नाही? तो कळप घेऊन तसाच कन्नड गावाकडं निघाला.

ती मेंढी डोळ्यांपुढून हलत नाही. खंडोबापुढं दिवा लावला. पाऊस मागायचा होता; कुणासाठी मागू, ते ठरेना.