पाहुण्यासारखा शर्ट

प्रिय वस्ताद,

सप्रेम नमस्कार. तुझ्या टाचा कशा आहेत? नोकरी सुटून दोन वर्षं झाली, तरी माझे गुडघे अजून रोज संध्याकाळी सातला ड्युटीवर हजर होतात. वहिनींना नमस्कार सांग. तू हॉलवर सगळ्या वेटरांचा कॅप्टन झाल्याचं कळलं. ऊर भरून आला (थोडा जळलाही, खोटं कशाला बोलू). पत्राला कारण तसं काही नाही. खुशाली विचारावी म्हणून लिहितोय. शिवाय एका शर्टानं तीन आठवडे माझी झोप उडवली आहे, तेही जाता जाता सांगतो.

तर आमची चिमणी. तीच, जी शाळेतून थेट आपल्या हॉलवर यायची आणि टेबलक्लॉथच्या गठ्ठ्यावर बसून गणितं सोडवायची. तिनं आखलेल्या एका पादचारी पुलाला इंजिनीअर लोकांच्या संस्थेचं मोठं बक्षीस मिळतंय. समारंभ पुढच्या शनिवारी संध्याकाळी, आणि कुठे म्हणशील तर आपल्याच हॉलमध्ये. मुख्य टेबलावर तिच्या शेजारी मी बसायचं आहे. बसायचं, वस्ताद! अठ्ठावीस वर्षांत त्या हॉलमधल्या एकाही खुर्चीला मी पाठ लावलेली नाही (फ्यूज उडाला तेव्हा दोन मिनिटं टेकलो होतो, पण अंधार होता). आमंत्रणाच्या तळाशी छापलंय, संध्याकाळचा औपचारिक पोशाख. म्हणजे काळा कोट, काळा बो, पांढरा शर्ट. म्हणजे, तुझ्या लक्षात आलंच असेल, आपला युनिफॉर्म.

ते वाचलं आणि मी आमंत्रण पालथं घालून ठेवलं. तुला ते निवृत्त न्यायाधीश आठवतात ना, खांबाशी एकटे उभे होते आणि एका बाईंनी जाता जाता त्यांच्या हातात रिकामा ग्लास दिला होता? मग दुसरीनं दिला. बिचारे भिडस्त, चार ग्लास घेऊन पॅन्ट्रीच्या दारापर्यंत आले. आपण पोट धरधरून हसलो होतो. आता मला त्यातलं काही म्हणता काही हसण्यासारखं दिसत नाही.

तेव्हा शर्ट असा हवा, की लांबूनही माणूस पाहुणाच वाटावा. मला वाटलं, यात आपल्याला कोण शिकवणार, आपण हजारो शर्ट पाहिलेत. दुकानात उभा राहिलो तेव्हा कळलं, की मी ते सगळे मागून पाहिलेत. कॉलरची मागची बाजू ओळखतो, खांद्याची शिवण ओळखतो, पण जेवणाऱ्याच्या छातीकडे टक लावून बघायचं नाही ही आपली शिस्त, त्यामुळे पुढचं काहीच ठाऊक नाही. दुकानदारानं चुण्यांचा शर्ट काढला. त्याला बटणंच नव्हती, दोन्ही पट्ट्यांवर नुसती काजं. आमच्या हिनं दुकानदाराला चांगलंच फैलावर घेतलं, की एवढा भारी माल आणि बटणं लावायला कंटाळलात? त्याची बटणं डबीत वेगळी मिळतात, असं तो सांगेपर्यंत आम्ही रागारागानं रस्त्यावर आलो होतो. परत आत जायला तोंड राहिलं नाही. (चुण्यांचा शर्ट तसाही नकोच. सूप सांडलं तर प्रत्येक चुणीत वेगवेगळं पुसावं लागतं. पुसणारा हा विचार आधी करतो. पाहुणा करत असेल का रे?)

दुसऱ्या दुकानात एकटाच गेलो, आणि मनासारखा शर्ट सापडला. माझ्या मापाचा तो एकच उरला होता. तो हातावर टाकून आरशाकडे निघालो, तर एका गृहस्थानं मला हटकलं, बेचाळीसमध्ये काही चांगलं आहे का? वस्ताद, शपथेवर सांगतो, डोकं मध्ये आलंच नाही. हातातला शर्ट मी अदबीनं पुढे केला, कॉलर सरळ करून दिली, वर ‘आणखी काही, साहेब?’ असंही विचारलं. ते खूश होऊन घेऊन गेले. मी आरशासमोर रिकामा उभा राहिलो. दुकानातला माणूस माझ्याकडे असा बघत होता की मी तसाच बाहेर पडलो.

घरी येऊन नीट विचार केला, तेव्हा सुचलं. फरक छातीत नाही, मनगटात आहे! आपल्या बाह्यांना साधं बटण, कारण कफलिंक असली तर ती बशीला खणकन लागते. कफलिंक लावतो तो पाहुणा. मग तिसऱ्या दुकानातून दुहेरी कफाचा, साध्या छातीचा शर्ट आणला. चिमणीनं कफलिंक दिल्या. परवा तो घालून घरीच जेवायला बसण्याची तालीम केली. शेजारचे मास्तर पाहुणे म्हणून बोलावले. त्यांनी काटा जरा खाली ठेवला आणि मी उठून उजव्या बाजूनं त्यांची ताटली उचलली. त्यांचं अर्धं जेवण व्हायचं होतं.

मला खरंच भीती वाटते रे. मला कुणी वेटर समजलं तर अपमान कसला, होतोच मी, आणि चांगला होतो. पण कुणीतरी चुटकी वाजवेल, मी उठेन, आणि त्याच वेळी तिचं नाव पुकारलं जाईल. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी दिसेल. ती म्हणते, बाबा, काही होत नाही. तिला पूल कळतात, माझे पाय कळत नाहीत.

असो. तब्येतीला जप. टाचांना गरम पाण्याचा शेक चुकवू नकोस.

तुझाच,
खिडकीकडच्या सहा टेबलांचा माजी मालक

ता. क. : पत्राला कारण नाही असं वर लिहिलंय, ते खोडलेलं समज. मुख्य टेबल त्या दिवशी तू स्वतः घे. माझ्या खुर्चीमागे उभा राहा, आणि मी उठू लागलो की खांद्यावर हात ठेवून खाली बसव. तिचं नाव पुकारलं की मात्र ठेवू नकोस. तेव्हा मी टाळ्या वाजवायला उठेन.

आणखी एक : अर्ध्या गावाच्या कफलिंक मी एका हातात ट्रे धरून लावून दिल्या, पण स्वतःच्या स्वतःला लावता येत नाहीत. हिनं लावल्या की जिना उतरेपर्यंत सुटतात. तुझ्या हातच्या कधी सुटल्या नाहीत. तेव्हा ही पुढच्या दारानं येईल. मी त्या तुझ्याकडून लावून घ्यायला सहा वाजता मागच्या दारानं, भांडी धुतात तिथून येतो. रिकामे ट्रे तेवढे माझ्या नजरेआड ठेव.