गालावरचा हात

प्रिय झिपरे,

दचकू नकोस, पहिली घंटा व्हायला अजून अर्धा तास आहे आणि पत्र काही फार मोठं नाही. बस खाली. मेकअप उरकून, आरशाकडे पाठ करून तू आत्तापर्यंत ओठ हलवत बसली असशील. ती सवय खरं तर माझी, पण राहू दे, सवयींवर कोणी नाव घालून ठेवत नाही. सोळा वर्षांत तुला झिपरी म्हणणारं कोणी उरलं नसेल. पोस्टरवर तुझे केस फारच शहाण्यासारखे बसलेले दिसतात. मी मात्र तुला याच नावाने शिव्या घालत आले, रोज, नेमाने, दात घासताना.

आधी माझी खबर सांगते, कारण ती तुला कोणी दिली नसणार. दिवसा मी लिफ्टच्या कंपनीत असते. कुठे लिफ्ट अडकली की आतला माणूस लाल बटण दाबतो आणि फोन माझ्या कानात वाजतो. मेकॅनिक पोहोचेपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचं, एवढंच काम. रडणाऱ्यांशी एक आवाज, ओरडणाऱ्यांशी दुसरा. एका आजोबांना मी त्यांच्या सुनेबद्दल बोलतं केलं, तर दार उघडल्यावर ते मेकॅनिकला म्हणाले, जरा दोन मिनिटं थांबा हो. साडेपाचला सुटले की तालमीला पळायचं, शाळेच्या एका वर्गात, बाक भिंतीला सरकवून. इतक्या वर्षांत मी तीन वेळा शेजारीण झाले, चार वेळा नर्स आणि एकदा प्रेत. प्रेत असताना शिंक दाबून धरली म्हणून दिग्दर्शकाने पाठ थोपटली, ती माझी आजवरची सगळ्यात मोठी दाद. तरी सकाळी सहाला उठून गच्चीवर आवाजाची मेहनत करते. खालच्या मजल्यावरच्या बाईंना वाटतं, काय ही कलेची ओढ! कसली डोंबलाची ओढ. तुझ्या नाकावर टिच्चून एकदा उभं राहायचंय, म्हणून उठते. ताप असला तरी उठते. रागासारखा गजर नाही झिपरे, तो बंद करून कूस बदलता येत नाही.

सायकलच्या दुकानावरची आपली खोली आठवते का? एक पलंग, एक खुर्ची, आणि खालून दिवसभर पंपाचा फसफस आवाज. नाट्यशाळेची प्रवेश परीक्षा तीन आठवड्यांवर होती. पाच मिनिटांचं स्वगत, स्वतः बसवलेलं. तू कुठल्याशा राणीचा विलाप घेतला होतास आणि तो काही केल्या जमत नव्हता, राणी दर वेळी सर्दी झाल्यासारखी रडायची. मी आई घेतली होती. माझी आई, टेलरिंगवाली, गिऱ्हाइकाच्या पायाशी गुडघे टेकून झग्याची दुमड टाचणारी, ओठांत सहा-सात टाचण्या धरून त्यांच्या फटीतून बोलणारी. गिऱ्हाईक बाई सहज विचारते, हल्ली तुमचे साहेब दिसत नाहीत? आणि आई टाचण्यांमधून म्हणते, गेले ते. आता नाही यायचे. जरा सरळ उभ्या राहा. मी नऊ वर्षांची होते, कोपऱ्यात बसून बटणं निवडत होते. बाबा घर सोडून गेले हे मला असं कळलं. ही गोष्ट मी जगात फक्त तुला सांगितली होती. तू माझ्या बरोबरीने रडलीस, आणि ते रडणं मात्र राणीसारखं नव्हतं. म्हणून तर मी रोज संध्याकाळी तुझ्यासमोर तालीम करायचे. तू पलंगावर मांडी घालून, डोळ्यांची पापणी न लववता बघायचीस. मला वाटायचं, मैत्रीण असावी तर अशी. त्याच तीन आठवड्यांत माझी उजवी दाढ ठणकत होती. मिठाचं पाणी गरम करून तूच द्यायचीस, ते उपकार मी विसरलेले नाही.

परीक्षेला तुझा नंबर अकरावा, माझा चौदावा. मी बाहेरच्या बाकावर होते. दार पुरतं लागत नव्हतं. आतून आधी परीक्षकांचं हसू आलं, माझ्या स्वगतात येतं बरोबर त्याच जागेवर, मग शांतता, तीही माझ्याच जागेवर. मला वाटलं भास होतोय. मग 'जरा सरळ उभ्या राहा' ऐकू आलं. तू बाहेर आलीस, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, पाणी पिऊन घे गं, घसा कोरडा पडलाय तुझा. आजवर तू बोललेल्या सगळ्या वाक्यांत मला हेच पाठ आहे. माझ्याकडे दुसरं काही बसवलेलं नव्हतं, म्हणून आत जाऊन मी तेच केलं. दुसऱ्या मिनिटाला परीक्षकांपैकी मधल्या, पांढऱ्या दाढीवाल्या सरांनी हात वर केला. म्हणाले, हे आम्ही आत्ताच पाहिलं. आणि बाळ, नक्कल करायची तर पुरती करावी. 'गेले ते' म्हणताना त्या मुलीचा हात जो गालाकडे गेला, सगळं दुःख त्यात होतं. तुझ्यात ते नाही.

दाढीवाल्या सरांना द्यायचं उत्तर मी जपून ठेवलं. तुला आज देते. झिपरे, माझ्या आईचा हात कधी गालाकडे गेलाच नाही. तिचे हात मोकळे होते कधी? नवरा गेल्याचं सांगतानाही तिची एक टाचणी वाकडी लागली नाही, हीच तर सगळी गोष्ट होती. ती मला बरोबर माहीत होती, तुला कशी माहीत असणार? तू पलंगावरून पाहिलीस ती मी, आणि माझी दाढ ठणकत होती. 'गेले ते'ला जबडा उघडला की कळ मस्तकात जायची आणि हात आपोआप गालावर जायचा. परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी मी ती दाढ काढून आले, म्हणून परीक्षेत माझा हात कापडावरच राहिला. तुझा वर गेला. त्याच स्वगताचं पुढे तू नाटक केलंस, आणि तो सोळा वर्षं वर जातोय. वर्तमानपत्रात छापून आलं, त्या एका हातात सोसणाऱ्या साऱ्या बायका उभ्या आहेत. अगं, त्यात माझी किडकी दाढ उभी आहे! मी ते कात्रण वाचून इतकी हसले की लिफ्टमधल्या माणसाचा फोन घ्यायचा राहिला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र हसू आलं नाही.

एक कबूल करते. तुझा प्रयोग मी दोनदा पाहिलाय, मागच्या रांगेतून, स्कार्फ बांधून. दोन्ही वेळा रडले. तू वाईट केलं असतंस तर मी केव्हाच माफ केलं असतं. तू चांगलं करतेस, याचाच मला संताप येतो. आणि माझी आई आता मलाच करता येत नाही, केली की लोक म्हणतात, अरे, ही तर तिची कॉपी. म्हणून मी ठरवलंय. येत्या शनिवारी, साठ खुर्च्यांच्या एका हॉलमध्ये, मी ते पाच मिनिटांचं स्वगत करणार आहे. हात कापडावर ठेवून. नक्कल कोण आणि अस्सल कोण, ते आजपासून निदान तुला तरी माहीत असेल. लोकांचं मी बघून घेईन.

आता हे पत्र इथे कसं आलं ते. काल रजा टाकून मी आईच्या दुकानात होते, तर दुपारी थिएटरचे कपडेपटवाले काका तुझा नाटकातला एप्रन घेऊन आले, खिसा उसवला होता म्हणून. गावात त्यांची अशी कामं आईच करते. तो कोणाचा आणि कशासाठी, हे तिला ठाऊक नव्हतं. तिने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, हा घालणारी बाई काही टेलर नाही, खिसा इथे असेल तर वाकल्यावर कात्री पोटात जाते. मग तो जरा बाजूला घेऊन दुहेरी शिवणीने पक्का केला. मेकअप झाला की टाचण्यांची डबी तू स्वतः त्या खिशात ठेवतेस, असं काका जाता जाता मला म्हणाले, म्हणून पत्राची घडी तिथे ठेवली. म्हणजे वाचायला वेळ मिळेल. आज आई माझ्यासोबत पहिल्या रांगेत असेल, मधोमध. परीक्षेत काय झालं आणि तुझ्या नाटकात काय आहे, ते मी तिला कधीच सांगितलं नाही. तिला एवढंच माहीत, की मी नापास झाले आणि तू पास, आणि ती अजून मायेने तुझी चौकशी करते. गेल्या महिन्यात कोणीतरी फोनवर तुझ्या प्रयोगाचा एक तुकडा तिला दाखवला, आवाज बंद होता, नुसता तो हात. ती हळहळली. म्हणाली, झिपरीलाही तुझ्यासारखंच दाढेचं दुखणं लागलं की काय? मी म्हटलं, हो आई, बरीच वर्षं झाली, तिने अंगावरच काढलंय. तेव्हापासून तिच्या जिवाला घोर आहे. आत्ता तिच्या पर्समध्ये लवंगांची पुडी आहे. तू हात गालाकडे नेलास की ती चुकचुकेल, आणि पडदा पडल्यावर ती पुडी तुला द्यायला आत येईल. नाही नेलास, तर त्या जागेवर काय करायचं ते तुझं तू शोध.

तुझीच,
उजवी दाढ