आमच्या किनाऱ्यावरचं थंड पाणी

मोझाताईस धाकट्या मकामेचा पेम्बा बेटावरून सलाम. दार-एस-सलामच्या दमट हवेत तुझी कंबर कशी आहे? इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून.

संशोधन केंद्राच्या बाईंनी समुद्राच्या पाण्याचं तापमान मोजायला स्वयंसेवक मागितले, तेव्हा पहिला हात माझा वर गेला. (निवृत्त मास्तराचा हात काहीही विचारलं तरी वर जातो.) रोज दिवसाच्या ओहोटीला गुडघाभर पाण्यात जायचं, तापमापक बुडवायचा, आकडा लिहायचा. चार दिवस गेलो. पाचव्या दिवशी पायात समुद्री काटा घुसला आणि माझ्या लक्षात आलं, समुद्र काही रोज बदलत नाही. मग ओट्यावर कॉफी पीत मी त्या चार दिवसांचंच अठ्ठावीस लिहू लागलो. संशय नको म्हणून मधूनच साडेअठ्ठावीस.

माझ्या जागेपासून शंभर पावलांवर गावातली दुसरी स्वयंसेवक, शुंबानाबाई, मोजत होती. दोऱ्यांना बांधून वाढवायच्या, विकायच्या समुद्री शेवाळाची तिची शेती तिथेच आहे. तिचा आकडा चढत चढत तेहतीसवर गेला. केंद्राच्या बाईंनी दोन्ही वह्या पाहिल्या आणि म्हणाल्या, मास्तरांच्या जागी तळाशी थंड झरा असणार. मी मान डोलावली. (तिथेच चुकलं.) आठवड्याने दोन शास्त्रज्ञ होडी घेऊन झरा शोधायला आले. तेही निभावलं असतं. पण त्यांच्या मागून गावातल्या चौदा बायका खुंट्या आणि दोऱ्या घेऊन आल्या. गरम पाण्यात त्यांचं शेवाळ सडत होतं, आणि उरलंसुरलं त्या माझ्या थंड पाण्यात लावणार होत्या.

तेव्हा मात्र राहवेना. पाण्यात उभं राहून सगळं कबूल केलं. शुंबानाबाई म्हणाली, “मास्तर, खोटं बोललं की तुम्ही माझ्या पोरींना उन्हात उभं करायचात.” एवढंच बोलून ती खुंट्या उचलून बायकांसह खरोखर थंड असलेल्या खोल पाण्याकडे निघाली. मीही दोऱ्या खांद्यावर घेतल्या. आता रोज तिच्यादेखत मोजतो. काल बत्तीस होतं.

तुझा,
मकामे

ता. क. मला काढून टाकलं नाही. उलट प्रामाणिकपणाबद्दल टोपी दिली.

आणखी ता. क. कबुलीत एक गोष्ट राहून गेली. तुमच्या किनाऱ्यावर स्वयंसेवक मिळेना, म्हणून मार्चमध्ये मी तुझं नाव दिलं होतं. तुझे तीन महिन्यांचे आकडे फार नियमित आहेत, म्हणून केंद्राच्या बाई सोमवारी मुद्दाम तुला भेटायला येताहेत. तोवर एकदा तरी पाण्यात पाय बुडवून ये.