तीन कार्डांना थोडं थोडं

आई, आज मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५, सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं. पनवेलच्या बाजारात सोनाराचं शटर अजून अर्धंच वर गेलंय, आत नोकर केर काढतोय, आणि मी समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून कामाच्या वहीच्या मागच्या पानावर तुला लिहितोय. खिशात रुमालात बांधलेल्या तुझ्या दोन्ही पाटल्या आहेत. एक माझ्याकडे होती, दुसरी काल ताईनं आणून दिली. जाताना तू आम्हा दोघांना एकेक दिली होतीस आणि म्हणाली होतीस, "काय पन होऊ दे, ह्या इकायच्या नाय." त्याला बारा वर्षं झाली. आज मी विकायला आलोय, आणि एक विकू की दोन, हे अजून ठरत नाही.

आपल्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी, हे तुला मी काय सांगणार. ताईच्या हळदीला मटण कमी पडलं, डीजे साधा होता, मांडव लहान होता, आणि हे सगळं आई नाही म्हणून झालं, असं एकाही बाईनं जेवून जाताना म्हणू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी दहावीनंतर शाळा सोडलेला, बॅनर छापायच्या दुकानात मजकूर जुळवणारा. वाढदिवसाचा असो की श्रद्धांजलीचा, माझ्या बॅनरवर ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडत नाही, पण मला आजवर कुणी 'सर' म्हटलं नव्हतं. खारघरच्या मॉलबाहेर क्रेडिट कार्डं खपवायला टेबल टाकून बसलेला मुलगा म्हणाला. त्या महिन्यात मी तीन बँकांची तीन क्रेडिट कार्डं घेतली. हळद अशी झाली की गावात अजून नाव काढतात.

बिलात दोन आकडे असतात. एक सगळ्या बाकीचा, आणि त्याखाली लहान आकडा, 'किमान देय'. तो लहान आकडा पाहिला आणि मला तू दिसलीस. मासळी बाजार उठलाय. तू ओट्यावर पाणी मारतेस, बर्फाचं खोकं उपडं करतेस, आणि कमरेच्या पिशवीतल्या ओल्या नोटांचे तीन भाग करतेस. तिघा होडीवाल्यांचं देणं आहे आणि आजच्या गल्ल्यात एकाचंही पुरतं फिटणार नाही. मी म्हणतो, एकालाच सगळे देऊन टाक ना. तू हसतेस. "येरा हायस काय? मंग उद्या बाकीचे दोगं मासली देतील का? सगल्यांना थोरा थोरा द्यायचा. मानूस रिकाम्या हातानं नाय गेला पायजे." मी ते धरून ठेवलं. तीन कार्डं म्हणजे तीन होडीवाले. दर महिन्याला तिन्हींचं किमान देय, तारखेच्या दोन दिवस आधी, एक पैसा कमी नाही. सव्वीस महिने मी स्वतःला इमानदार समजत होतो. भरले की कार्डावर तेवढी उधारीची मर्यादा मोकळी व्हायची, आणि महिनाअखेरचा किराणा त्यातूनच यायचा.

त्या तिघांनी तुझ्याकडून कधी व्याज घेतलं नाही, आई. मासळी तू त्यांच्याकडूनच उचलायची, हेच त्यांचं व्याज. नारळी पौर्णिमेनंतर होडी पुन्हा पाण्यात गेली की मागची दोन-तीनशेची बाकी ते सोडूनही द्यायचे. हे सगळं मी तिथे उभं राहून पाहिलं होतं, तरी तुझ्याकडून उचलला तो फक्त थोडं थोडं देण्याचा भाग.

या पावसाळ्यात पगार दोनदा लांबला आणि हप्ते चुकले. दंड लागले, मग बँकांच्या वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. एक दिवस फोन दुकानाच्या नंबरावर आला, तो शेठनीच उचलला. त्यांनी मला आत बोलावून तिन्ही बिलं मागितली.

"अरे येड्या, हे तू कर्ज नाही फेडत, नुसतं व्याज भरतोयस. तिघांना थोडं थोडं कशाला? बँक काय तुझी मावशी आहे, रुसून बसायला?"

"मग काय करू?"

"दोघांचं किमान भर, म्हणजे ते गप्प राहतील. उरलेलं सगळं, ज्याचं व्याज जास्त त्याच्यात घाल. ते संपलं की दुसरं धर. आणि कार्डं आत्ताच्या आत्ता काप."

"उरलेलं काही नसतंच, शेठ."

त्यांनी बॅनर कापायची कात्री माझ्यापुढे सरकवली.

कार्डं कापली तरी फोन थांबले नाहीत. फोन वाजला की मी ताट तसंच सोडून उठतो. गेल्या आठवड्यात नदीच्या पुलावर मी नको तितका वेळ खाली बघत उभा होतो. मागून रिक्षावाला ओरडला, "ओ भाऊ, बाजूला व्हा की!" आणि मी खरंच बाजूला झालो, घरी आलो. हे ताईला सांगितलेलं नाही.

परवा वसुलीवाल्यांनी ताईलाच फोन केला. कार्डाच्या अर्जावर तिचा नंबर मीच लिहिला होता. काल ती आली ती चप्पल न काढताच बोलायला लागली. "माझ्या हळदीचं कर्ज? मी मागितला होता का रे डीजे? त्याच्या आवाजानं माझं डोकं दोन दिवस ठणकत होतं!" आधी हसली, मग रडली. मग स्वतःची पाटली काढून माझ्यापुढे ठेवली. "दोन्ही मोड आणि मोकळा हो. आईला काय सांगायचं ते मी बघते."

शटर वर गेलंय. जातो.

आता दुपारचे दोन. दुकानात परत आलोय. एकच मोडली, माझी. सोनारानं विचारलं, "दुसरी?" मी म्हणालो, "ती आमच्या ताईची आहे." सगळ्यात जास्त व्याजाची दोन कार्डं आज मिटली, बंद करायचे अर्जही दिले. तिसरं राहिलंय. तिघांना वाटत होतो ते महिन्याचे सात हजार आता त्या एकट्यात घातले, तर पुढच्या पावसाळ्यानंतर मी कुणाचं देणं लागणार नाही. ताई चिडेल. संध्याकाळी तिची पाटली तिच्या हातात घालूनच परत येईन.

हळदीला कार्डांवरून खर्च १,१८,०००. नंतरचा किराणा, औषधं, दंड ५७,०००. व्याज आणि त्यावरचा कर १,३०,५००. आजवर भरले १,७४,५००. आज सकाळची बाकी १,३१,०००. पाटलीचे आले ८४,०००. उरलेली बाकी ४७,०००.

हे पान मी कुणाला दाखवणार नाही. पाटली काट्यावर ठेवली तेव्हा मी तुझा हात आठवायला बघत होतो, आणि तो आठवला नाही. माझं लक्ष काट्यावरच्या आकड्यात होतं, आणि तो अजून थोडा वर जावा असं मला वाटत होतं.