नाव, गाव, आजोळ

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
आज कॅज्युअल्टीत ज्योतीला थोबाडीत बसली. पेशंट छातीत दुखतं म्हणून आलेला. ईसीजी निघेपर्यंत त्याच्या भावाला दम निघाला नाही. "डॉक्टरीन असून नुसत्या वायरी काय चिकटवती?" म्हणाला आणि ठेवून दिली. ज्योती माझ्यासारखीच नर्स आहे. पण आमच्या दवाखान्यात डॉक्टर, नर्स, सगळेच हिरव्या स्क्रबमध्ये. त्या माणसाचा तरी काय दोष? (दोष आहे. पण मूळ दोष रंगाचा.)

संध्याकाळी ज्योतीचे वडील काष्टीहून आले. बॅग भर म्हणाले. मी मध्ये पडले. काका, तिला राहू द्या, मी बंदोबस्त करते. काका म्हणाले, "तू काय पोलिसात हायेस?" शेवटी ठेवलं तिला. माझ्या शब्दावर. त्यामुळे ज्योतीला आता ओरखडाही उठता कामा नये.

दवाखाना आदिनाथ सरांचा. त्यांना युनिफॉर्मचं बोलले. सर त्या गोंधळात फुटलेल्या काचेच्या दाराकडे बघत होते. "कर काय करायचं ते. काच तेवढी वाचव." म्हणजे मी युनिफॉर्म इन्चार्ज.

५ फेब्रुवारी
मला अक्षरओळख आत्याने करून दिली, शाळेच्या आधी, घरातच. ती खेड्यावर नर्स होती. पांढरी साडी, कडक कांजी. तिचं म्हणणं, इस्त्री नीट असली की समोरचा आपोआप नीट बोलतो. मी तेव्हापासून मोजेसुद्धा इस्त्री करते.

आज तिला विचारलं, तुला कधी कुणी मारलं का? "एकदा मारलं हुतं. पन त्यानं आधी चपला बाहेर काढल्या." बघा. मान होता.

ठरलं. डॉक्टर हिरवे, नर्स वाईन कलर. पांढरा नको, रक्त दिसतं. वाईनवर काहीच दिसत नाही.

१० फेब्रुवारी
स्क्रब आले. ज्योतीचा खांद्यात ढगळ आहे, टाचून दिला. दारात बोर्ड लावला, मोठ्या अक्षरात: हिरवा – डॉक्टर. वाईन – नर्स. आता गैरसमज होणार नाहीत.

१२ फेब्रुवारी
बोर्डाचा उपयोग झाला. साप चावलेला माणूस फार उशिरा आणला, गेला. नातेवाइकांनी बोर्ड वाचला आणि हिरवे शोधून शोधून मारले. वाईनच्या अंगाला कुणी बोट लावलं नाही. एकाने तर ज्योतीला "ताई, बाजूला व्हा" म्हणून मग खुर्ची फेकली.

सरांचा चष्मा गेला. दुपारपासून सर वाईन कलरमध्ये फिरत आहेत. हे नियमाविरुद्ध आहे. पण ओठ सुजलेल्या माणसाला कसं सांगायचं?

१३ फेब्रुवारी
बोर्ड सरांनी काढला. पायाने.

१५ फेब्रुवारी
एका पेशंटच्या बायकोने माझ्या आयकार्डाची फीत धरून मला औषधांच्या खिडकीपर्यंत ओढत नेलं. सलाईनला हवेचा बुडबुडा आला म्हणे. मान वळत नाही. वॉचमन बिभीषण मामांनी सोडवलं, तर ती त्यांच्या हाताला चावली.

फीत बंद. कार्ड पिनने लावायचं. वेणीही बंद, वेणी म्हणजे दुसरी फीतच. खिशातली कात्री बंद, परवा दारुड्याने ज्योतीच्या खिशातून ओढली आणि तिच्याच बाहीला भोक पाडलं. बाहीलाच. ओरखडा म्हणण्याइतकं काही नाही, मी बघितलं.

ज्योती म्हणते, "आशे, एक एक वस्तू काढत चाललीयस. शेवटी आम्हालाच काढ."

१७ फेब्रुवारी
सापडलं!! आज एकजण हात उगारून आला आणि मारायच्या आधी म्हणाला, "कुठली गं तू?" सवयीने. आपल्याकडे ओळख निघाल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही, आणि ओळख निघाली की पाहुण्याला कोण मारतं? म्हणजे कार्डावर ओळखच घालायची. नाव, गाव, आजोळ. आडनाव मुद्दाम नाही. आडनावावरून लोक नको ते काढतात.

आत्याला दाखवलं. ती म्हणाली, "सोयरीक जमवायला चाललीस का इंजेक्शान द्यायला?"

ज्योतीला लावायचं नव्हतं. तासभर समजावलं. शेवटी म्हणाली, "आण, टोच."

२१ फेब्रुवारी
विजय! एक धिप्पाड माणूस आईला का ताटकळत ठेवलं म्हणून माझ्यावर धावून आला. मुठीत माझी कॉलर. तेवढ्यात त्याची नजर कार्डावर. "आजोळ कर्जत? कर्जतला कुणाच्यात?" मी म्हणाले, कानिफनाथमामांच्यात. "आरं तिच्या! साडू हायेत आमचे!" कॉलर सोडली, नीट केली, वर चहा पाजला. जाता जाता बिभीषण मामांच्या कानाखाली वाजवली. कारण विचारलं तर म्हणाला, "एवढ्या लांबून आलोय."

मामांना कार्ड नव्हतं. ही माझी चूक. उद्याच करते.

ज्योती हसली आज. बऱ्याच दिवसांनी.

२७ फेब्रुवारी
क्रमाने लिहिते.

बोरमाळ गावच्या दोन भावक्यांत बांधावरून मारामारी झाली. काठ्या, कोयता, एकाला खोऱ्याने. दोन्हीकडचे आमच्याकडेच आणले. मी एका बाजूचे पूर्वेच्या खोलीत, दुसऱ्या बाजूचे पश्चिमेच्या खोलीत ठेवले. व्यवस्था चोख होती.

ज्योती पूर्वेला टाके घालायची तयारी करत होती. डोकं फुटलेल्याने कार्ड वाचलं. "काष्टी? आरं, त्यांची थोरली सून काष्टीचीच! हिला तिकडूनच धाडली!" ज्योती म्हणाली, दादा, काष्टी केवढी मोठी, मी त्यांना ओळखतसुद्धा नाही. तो म्हणाला, "सुईत काय हाय ते आधी सांग." आणि ट्रे उडवला. मग सलाईनचा स्टँड. ज्योतीच्या भुवईवर बसला.

आवाज ऐकून पश्चिमेचे आले. "आमच्या काष्टीच्या पोरीला मारता?" आता ते ज्योतीच्या बाजूने. ज्योतीच्या बाजूने त्यांनी पूर्वेच्या खोलीतलं सगळं फोडलं. एकाची नुकती शिवलेली मांडी पुन्हा उघडली. बिभीषण मामांच्या नव्या कार्डावर काय वाचलं कुणास ठाऊक, त्यांना दोन्ही बाजूंनी मारलं.

ज्योतीला सहा टाके. मीच धरलं होतं तिचं डोकं. वाईन कलरवर खरंच काही दिसलं नाही.

मला वाटतं, चूक गावाची. नुसतं आजोळ ठेवलं असतं तर?

२ मार्च
सरांचा नवा नियम. युनिफॉर्म, कार्ड, रंग, सगळं बंद. सर्वांनी घरच्या कपड्यात यायचं, म्हणजे कोण नर्स ते कुणाला कळणारच नाही. मी विरोध केला. नर्सचा मान काय राहील? सर म्हणाले, "मान नको, डोकी राहू देत."

काष्टीला गेले. काका ओट्यावर बसलेले, पाणीसुद्धा विचारलं नाही. ज्योती आतून पट्टी बांधलेल्या डोक्याने बाहेर आली. मी सांगितलं, आता कुणालाच कळणार नाही, आणि मी आहे ना सोबत. तिने पट्टी चाचपली. मग म्हणाली, "तू हायेस म्हणून येते." काका म्हणाले, "पुन्हा काही झालं तर मी दवाखान्यात येनार न्हाई. तुझ्या दारात येईन."

५ मार्च
घरचा ड्रेस, निळा, फुलाफुलांचा. नर्स वाटतच नाही मी. वाईट वाटलं.

दुपारी जेवणाआधी अपघाताचा पेशंट आला. मोटरसायकल आणि उसाची ट्रॉली. ज्योती तोंडावर मास्क धरून रबरी फुग्याने श्वास देत होती, सर छाती दाबत होते. तो गेला. बाहेर पन्नास एक माणसं जमलेली. दार तोडून आत आली. हातात बाकाच्या फळ्या. "नर्स कुठाय? कोन नर्स हुती?"

मी पॅसेजमध्ये होते, नातेवाइकांच्या बाकावर. ड्युटीत बसायला मनाई आहे, पण सँडलचा पट्टा निघाला होता. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने माझ्या मांडीवर हात ठेवला. "हलू नको गं लेकी. आपन पेशंटवाले."

मी उठणारच होते. पट्टा लागत नव्हता.

ज्योतीच्या हातात तो फुगा अजून होता. त्यावरून त्यांनी ओळखलं. सर मध्ये पडले, मग सर दिसेनासे झाले. फळीचा आवाज येत होता. ज्योतीने एकदाच हाक मारली. नाव घेऊन. पन्नास माणसांच्या गोंधळात ती कुणाला मारली हे नक्की सांगता येणार नाही.

पोलीस आले. ज्योतीला नगरला हलवायचं ठरलं. हात दोन ठिकाणी मोडलाय, एक डोळा उघडत नव्हता. हवालदारांनी स्ट्रेचरजवळ वाकून विचारलं, ताई, तुमच्यासोबत ड्युटीला अजून कोण होतं?

ज्योतीने उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. चांगलं बघितलं. मग म्हणाली, "कुनी नव्हतं."

मी हाताच्या अंतरावर उभी होते. घरच्या ड्रेसमध्ये तिने ओळखलं नसेल.