तीन वायसर आणि मामांची पट्टी

तीर्थरूप मामा,

तुमच्या नव्या गुडघ्याला लांबूनच नमस्कार (कोणी हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणे) आणि जुन्याला नेहमीसारखा वाकून. झोप लागते ना? ताईकडे पाहुणे म्हणून गेला आहात, तेव्हा पाहुण्यासारखे बसा, लेकीच्या घरातले गळके नळ बघायला उठू नका. इकडे मामी ठणठणीत आहे, मी बरा आहे आणि गाडीबद्दल सविस्तर लिहितो. खरं तर फोनच करणार होतो, पण फोनवर तुमचा आवाज ऐकला की माझा बंद होतो.

जाताना तुम्ही चाळीस वर्षांत पहिल्यांदा गाडीची किल्ली दुसऱ्या कोणाच्या हातात दिलीत, आणि तो हात माझा होता. सोबत कागदही दिलात: रोज पुसणे, रविवारी सुरू करणे, बाकी कशालाही हात न लावणे. तो कागद मी पाकिटात ठेवलाय आणि दिवसातून तीनदा वाचतो (हल्ली शेवटच्या ओळीला घाम फुटतो). पहिले दोन आठवडे मी खरोखर कशाला हात लावला नाही. पण मग मामीची दाढ दुखायला लागली.

दातांच्या डॉक्टरकडून परतताना अंधारून आलं आणि भुरभुर पाऊस सुरू झाला. आपल्या गाडीचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. दिवे लावले की वायपर दमतात, वायपर चालवले की दिवे मिणमिणतात आणि हॉर्न दाबला तर दोघेही मान टाकतात. मामी गालाला रुमाल लावून, खिडकीबाहेर डोकं काढून मला रस्ता सांगत होती. एक सायकलवाला आणि मी एकमेकांना दिसलो ते अगदी भेट व्हायच्या बेतात. तो वाचला (आणि मग जे बोलला ते मामीने दाढेमुळे ऐकू आलं नाही असं सांगितलं). त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी मी ठरवलं की गाडीला वीज पुरवून दमलेला तो म्हातारा डायनामो काढायचा आणि जास्त वीज देणारा अल्टरनेटर बसवायचा. झिजलेला सांधा काढून नवा बसवला म्हणून तुम्ही काही दुसरे कोणी झाला नाहीत, असं मी मनाला समजावलं. मनाला पटलं. पाकिटातल्या कागदाला अजून पटलेलं नाही.

अल्टरनेटर डायनामोच्या जागी सरळ बसत नाही, त्याला वेगळा ब्रॅकेट लागतो. तो कोपऱ्यावरच्या वेल्डरने करून दिला. इंजिनाची, पंख्याची आणि अल्टरनेटरची अशा तिन्ही पुल्या एका रेषेत असाव्या लागतात, नाहीतर पट्टा एका बाजूने खाल्ला जातो. वेल्डर म्हणाला, "रेषेत आहे साहेब, डोळे झाकून पट्टा चढवा." पण मी तुमच्या हाताखाली वाढलेला, मोजल्याशिवाय डोळे कसे झाकणार? खिळ्याला टांगलेली तुमची दोन फुटी जाड लोखंडी पट्टी काढली आणि पुल्यांवर आडवी धरली. अल्टरनेटरची पुली चक्क तीन वायसरांएवढी मागे! बोल्टावर तीन वायसरांच्या चकत्या घालून ती पुढे आणली, पट्टा चढवला, गाडी सुरू केली, तर दारात मांजराची शेपटी सापडावी तसा पट्टा किंचाळला. पुन्हा पट्टी लावली. आता पुली सहा वायसर पुढे! घातलेले तिन्ही काढले तरी तीन पुढेच, म्हणून मी दिवसभर बसून ब्रॅकेटच कानशीने घासला. संध्याकाळी मोजलं तर सहा मागे. पट्ट्याची काळी भुकटी बॉनेटखाली सगळीकडे पसरली होती (ती पुसली आहे), आणि तुमचं शनिवारचं तिकीट झाल्याचं ताईने त्याच संध्याकाळी कळवलं.

शेवटी वेल्डरला हात जोडून घरी आणलं. त्याने पट्टी लावून पाहिली, मग ती उलटी करून लावली. एकदा पुली मागे, एकदा पुढे, आणि पुली बिचारी जागची हललीसुद्धा नव्हती; दर वेळी पट्टी कोणत्या बाजूने धरतोय हे मी पाहिलंच नव्हतं. "साहेब, पट्टी वाकडी आहे," तो म्हणाला. मग खिशातून दोरा काढून त्याने ताणून धरला आणि मला तीन वायसर घालायला लावले. ते बरोब्बर बसले. त्यावर त्याने विचारलं, "माझ्या ब्रॅकेटचं तीन वायसरांएवढं लोखंड कोणी खाल्लं?" मी पट्टीकडे बोट दाखवलं. जुनी झाली की लोखंडी पट्टीही वाकत असेल, कोण जाणे.

तर शनिवारी स्टेशनवर गाडी येईल. काळजी नसावी. मी करतोच आहे.

तुमचा आज्ञाधारक (बऱ्याच अंशी)
भाचा

ता. क. : झिजलेला पट्टा बदलला आहे. तरीही निघताना बारीकसा आवाज आला, तर कृपया माझ्याकडे बघू नका. दिवे मात्र असे पडतात की समोरच्या भिंतीचा पोपडा न् पोपडा दिसतो. डायनामो फडक्यात गुंडाळून जपून ठेवलाय.

ता. क. दुसरा : पट्टी आपोआप वाकलेली नाही. मी आठवीत असताना डिकीत अडकलेला चेंडू काढायला तिने झाकण उचकटत होतो, तेव्हा वाकली. मग गुडघ्यावर दाबून जमेल तेवढी सरळ केली आणि खिळ्याला लावून टाकली. इतकी वर्षं सांगायचं धाडस झालं नाही. मामा, रागवा, हवं ते बोला, पण किल्ली काढून घेऊ नका, एवढंच मागतो. खरं तर हे पत्र त्यासाठीच लिहिलं.

अहो, खालच्या या ओळी माझ्या. त्याने पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. पट्टीचं सांगितलं हो त्याने! अठ्ठावीस वर्षं तुम्ही ती वाकडी पट्टी तशीच टांगून ठेवलीत आणि स्वतः गुपचूप दोऱ्याने मोजत राहिलात. ज्या दिवशी तो कबूल करील त्या दिवशी गाडी त्याची, हे तुमचेच शब्द आहेत. आता आल्यावर कागदपत्रं काढा. त्याला मी काही बोललेले नाही. शनिवारपर्यंत घाबरू दे, तेवढी गाडी रोज पुसली जाते.